कोर्स गावाने बोलवावा : कॅनडातल्या फर्स्ट नेशन्ससोबत गावातच कॉलेजचं शिक्षण कसं उभं करावं

कॅनडाने १८७६ साली 'इंडियन अ‍ॅक्ट' केला. त्यात एक कलम असं होतं की, एखाद्या 'इंडियन' (म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, आजच्या शब्दांत फर्स्ट नेशन्सच्या) माणसाने विद्यापीठाची पदवी घेतली, तो डॉक्टर, वकील किंवा पाद्री झाला, की कायद्याच्या दृष्टीने तो आपल्या समाजाचा राहत नसे. शिक्षण हवं असेल तर माणसं सोडा, असा तो सौदा होता. पुढे निवासी शाळा आल्या. मुलांना घरातून नेऊन तिथे ठेवलं, त्यांची भाषा बंद केली. त्यातल्या शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९०चं दशक उजाडलं. आज पन्नाशीतली एखादी बाई तुमच्या कोर्सला नाव घालते, तेव्हा तिने स्वतः किंवा तिच्या आईने ती शाळा पाहिलेली असू शकते.

हे आधी सांगण्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. कॉलेजातून गेलेल्या ईमेलला बँड ऑफिसातून (बँड म्हणजे फर्स्ट नेशनचं स्थानिक शासन) तीन आठवडे उत्तर येत नाही, आणि नवा समन्वयक "त्यांना रस दिसत नाही" असा शेरा मारून फाइल बंद करतो. रस असतो, पण शंकाही असते, आणि तिला दीडशे वर्षांचा आधार आहे.

ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचवान इथल्या कॉलेजांत शिकवणारी आणि कार्यक्रम-समन्वयाचं काम करणारी मराठी मंडळी आता भेटू लागली आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. गडचिरोली, नंदुरबार, पालघर भागात असंच काही करू पाहणाऱ्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल. उदाहरणं बहुतेक ब्रिटिश कोलंबियातली आहेत, कारण गावात जाऊन कॉलेजचं शिक्षण देण्याची व्यवस्था तिथे बऱ्यापैकी रुळलेली आहे.

आधी माणसं आणि संस्था ओळखा

१९८२च्या संविधान कायद्यातलं ३५वं कलम तीन समाज मोजतं: इंडियन (म्हणजे आजच्या बोलण्यात फर्स्ट नेशन्स), इन्युइट (उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातले) आणि मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशातून घडलेला समाज). २०२१च्या जनगणनेत तिन्ही मिळून १८ लाखांच्या वर लोक होते, देशाच्या सुमारे ५ टक्के. एकट्या ब्रिटिश कोलंबियात २०० हून अधिक फर्स्ट नेशन्स आहेत आणि ३० हून अधिक मूळ भाषा. निस्गा लोकांसाठी आखलेला कोर्स सिल्क्स लोकांच्या गावात जसाच्या तसा नेणं म्हणजे दोघांनाही न ओळखणं. सरकारी कागदात 'अ‍ॅबोरिजिनल' किंवा 'इंडिजिनस' येईल, पण बोलताना त्या नेशनचं नाव घ्या, आणि त्याचा उच्चार आधी कुणाकडून तरी ऐकून घ्या.

शिक्षण देणाऱ्या संस्था ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिल्या, नेहमीची सरकारी कॉलेजं आणि विद्यापीठं. दुसऱ्या, समाजाने उभ्या केलेल्या पण आज सरकारी असलेल्या. मेरिट गावातली निकोला व्हॅली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी याचं ठळक उदाहरण. निकोला खोऱ्यातल्या पाच बँडांनी ती १९८३ मध्ये सुरू केली, १९९५ मध्ये ती सार्वजनिक संस्था झाली. तिसऱ्या, समाजाच्याच ताब्यातल्या संस्था: निस्गा लोकांची विल्प विल्क्सोओस्क्व्हल निस्गा इन्स्टिट्यूट (१९९३), पेंटिक्टनचं एन-ऑव्हकिन सेंटर, व्हँकूवरचं नेटिव्ह एज्युकेशन कॉलेज. या तिसऱ्या प्रकारच्या संस्थांची प्रांतभराची संघटना २००३ पासून आहे. तुम्ही पहिल्या प्रकारच्या कॉलेजात असाल, तर सर्वांत आधी पाहा की त्या भागात तिसऱ्या प्रकारची संस्था आहे का. असेल तर तिला वळसा घालून थेट गावात जाऊ नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

पायरी १ : मागणी कुणाची आहे ते तपासा

बहुतेक फसलेले कोर्स इथेच फसलेले असतात. कॉलेजकडे रिकामी जागा आहे, अनुदान आलं आहे, एक प्रशिक्षक मोकळा आहे, म्हणून कोर्स 'गावात न्यायचा' असं ठरतं. उलटं व्हायला हवं. गावाने सांगावं की आम्हाला दोन वर्षांत बालवाडीच्या सहा शिक्षिका लागणार आहेत, बोला काय करता.

मग कॉलेजने हात बांधून बसायचं का? तसंही नाही. ओळख असेल तरच मागणी येते. बँड ऑफिसात बहुधा एक शिक्षण-समन्वयक असते. कुणाला कुठल्या कॉलेजला पाठवायचं, फी कशी भरायची, हे ती बघते. तिला भेटा, माहितीपत्रकांचा गठ्ठा न घेता. गावातल्या खुल्या कार्यक्रमाला बोलावणं आलं तर जा. पहिल्या भेटीत विचारण्याजोगा एकच प्रश्न आहे: याआधी कुठल्या संस्थेने इथे काय केलं आणि ते कसं झालं? उत्तर ऐकायला तासभर हाताशी ठेवा.

बोलणी पुढे गेली की चीफ आणि कौन्सिलसमोर (बँडचा प्रमुख आणि मंडळ) विषय जातो, आणि होकार असेल तर बँड कौन्सिलचा ठराव होतो. आपल्याकडे ग्रामसभेचा ठराव असतो, त्याच जातीचा हा कागद. हा ठराव हातात येईपर्यंत प्रशिक्षक नेमू नका, जाहिरात छापू नका. दोन-तीन गावं मिळून कोर्स होणार असेल तर ट्रायबल कौन्सिलमार्फत (अनेक बँडांची मिळून संघटना) बोलणं सोपं जातं, पण प्रत्येक गावाचा ठराव वेगळा घ्या. निवडणुकीत कौन्सिल बदलतं, तेव्हा तोंडी होकाराची किंमत शून्य होते.

बैठकीचे रिवाज सांभाळावे लागतात. सुरुवात बहुधा एल्डरच्या, म्हणजे समाजातल्या मान्यवर ज्येष्ठ व्यक्तीच्या, प्रार्थनेने होते. ज्यांच्या भूमीवर बसलो आहोत त्यांचा उल्लेख होतो. जेवण असतं आणि एल्डरना आधी वाढतात. एल्डरना मानधन द्यायचं ते त्याच दिवशी, हातात. इथे कॉलेजचा लेखाविभाग आडवा येतो: विक्रेता म्हणून नोंदणी करा, सामाजिक विमा क्रमांक द्या, तीस दिवसांत चेक येईल. ऐंशी वर्षांच्या आजींना हा फॉर्म भरायला लावणं लाजिरवाणं आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच लेखाविभागाशी भांडून याची सोय करून ठेवा.

पायरी २ : गरज मोजा, पण आकडे कुणाचे ते विसरू नका

गरज दोन बाजूंनी मोजावी लागते. गावात काम काय आहे आणि माणसं कुठल्या टप्प्यावर आहेत.

कामाची यादी बँड ऑफिसच्या पगारपत्रकावरून सुरू होते. घरबांधणी, दुरुस्ती, पाणीशुद्धीकरण, आरोग्य केंद्र, पाळणाघर, मासेमारी आणि जंगलाची देखरेख, कार्यालयीन काम, भाषा शिकवणं. यातली किती पदं आज बाहेरची माणसं सांभाळतात, किती जण पाच वर्षांत निवृत्त होणार, हे विचारा. गावात दोनच जागा असताना चौदा जणांना वृद्धसेवेचं प्रशिक्षण दिलं, तर बारा जण शहरात जातील. तेही काही वाईट नाही, पण ते गावाला आधी माहीत हवं आणि मान्य हवं.

माणसांच्या बाजूने पाहिलं तर बऱ्याच जणांचं बारावीचं गणित किंवा इंग्रजी राहिलेलं असतं. ब्रिटिश कोलंबियात प्रौढांसाठीचं हे पायाभूत शिक्षण २०१७ पासून पुन्हा शुल्कमुक्त आहे. म्हणून मूळ कोर्सच्या आधी तीन-चार महिन्यांचा पायाभूत वर्ग जोडा, आणि शक्यतो तोच प्रशिक्षक पुढेही ठेवा. 'प्रवेश परीक्षेत नापास' हे पत्र घरी पाठवणं टाळा. परीक्षा हवी असेल तर समोर बसून घ्या आणि निकालासोबत पुढचा वर्ग कुठला तेही सांगा.

या पाहणीची माहिती समाजाच्या मालकीची. फर्स्ट नेशन्सनी १९९०च्या दशकाच्या शेवटी याचं तत्त्व मांडलं: माहितीची मालकी, नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा, चारही आमच्याकडे. व्यवहारात याचा अर्थ असा की, तुमच्या सर्वेक्षणाची मूळ नोंद बँड ऑफिसात राहते आणि त्यावर लेख लिहायचा, परिषदेत बोलायचं, तर आधी विचारावं लागतं.

पायरी ३ : प्रमाणपत्रावर शिक्का कुणाचा?

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाचा कणा हा आहे. गावाचं नियंत्रण आणि बाहेर चालणारं प्रमाणपत्र, दोन्ही एकाच वेळी हातात हवीत. एक सुटलं की दुसऱ्याचा उपयोग नाही.

'सहभाग प्रमाणपत्र' वाटणाऱ्या कोर्सांनी या समाजांचं बरंच नुकसान केलं आहे. सहा महिने माणूस येतो, शिकतो, गावात जेवण होतं, फोटो निघतात, आणि पुढच्या वर्षी कॉलेजात गेल्यावर कळतं की यातला एकही क्रेडिट धरला जात नाही. अशा माणसाला पुन्हा वर्गात आणणं पहिल्यापेक्षा दसपट अवघड.

म्हणून कोर्स निवडताना वरची शिडी काढा. हा कोर्स संपला की पुढची पायरी कुठली आणि इथलं किती तिथे मोजलं जाईल? ब्रिटिश कोलंबियात क्रेडिट एका संस्थेतून दुसरीत नेण्याची प्रांतभराची व्यवस्था आहे, तिच्यात तुमचा विषय नोंदलेला आहे का ते पाहा. व्यवसायानुसार नियमही वेगळे. वृद्धसेवेत मान्यताप्राप्त कार्यक्रमातून उत्तीर्ण होऊन प्रांताच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रांत काम मिळत नाही. पाणीशुद्धीकरणाच्या ऑपरेटरला वेगळ्या मंडळाची परीक्षा द्यावी लागते. सुतारकाम, वायरिंग, वेल्डिंग यांत तर पायाभूत कोर्स ही नुसती सुरुवात. पुढे मालक लागतो, जो अप्रेंटिस म्हणून नोंदवेल, हजारो तास काम देईल, मध्ये मध्ये तांत्रिक वर्गाला सोडेल. तेव्हा कुठे 'रेड सील' मिळतं, जे देशभर चालतं. तो मालक कोण, हे कोर्स सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. बऱ्याचदा बँडचा स्वतःचा गृहनिर्माण विभागच मालक होऊ शकतो, फक्त त्याच्याकडे शिकवायला प्रमाणित कारागीर आहे का ते बघा.

समाजाच्या ताब्यातल्या संस्थांनी ही अडचण भागीदारीने सोडवली. निस्गा संस्थेने नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाशी संलग्नता घेतली, वर्ग नास खोऱ्यात भरतात आणि पदवी विद्यापीठाची मिळते. एन-ऑव्हकिनने ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ओकानागन शाखेसोबत सिल्क्स लोकांच्या न्सिल्क्स्त्सन भाषेत पारंगत होण्याची पदवी सुरू केली. शिक्षक घडवण्याच्या बाबतीत व्हँकूवरच्या याच विद्यापीठाने १९७४ पासून प्रांतात ठिकठिकाणी केंद्रं उघडून, विद्यार्थ्यांना त्यांच्या भागातच सुरुवातीची वर्षं शिकू दिली. ऑन्टारियोने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदाच केला आणि इंडिजिनस संस्थांना शिक्षणव्यवस्थेचा वेगळा खांब मानलं. अल्बर्टातल्या ब्लू क्विल्सची गोष्ट तर सांगायलाच हवी. १९७० मध्ये सरकार तिथली निवासी शाळा बंद करायला निघालं, तेव्हा पालकांनी इमारतीतच ठाण मांडलं आणि शाळा आपल्या ताब्यात घेतली. २०१५ पासून ती विद्यापीठ म्हणवते. ज्या भिंतींत भाषा मारली गेली तिथेच आता ती शिकवली जाते.

करारात काय असावं? अभ्यासक्रमात काय घ्यायचं, काय वगळायचं, यात समाजाचा शब्द. प्रशिक्षकाच्या मुलाखतीत समाजाची माणसं. वर्गात सांगितलेल्या कथा, औषधी वनस्पतींची माहिती, जागांची नावं यांच्यावर कॉलेजचा हक्क नाही, हे स्पष्ट शब्दांत. कोर्ससाठी घेतलेली हत्यारं शेवटी कुणाकडे राहतील. आणि कोर्स अर्ध्यात बंद पडला तर विद्यार्थ्यांची जबाबदारी कुणाची. या शेवटच्या कलमावर कॉलेजचा वकील कुरकुर करतो. त्याला करू द्या.

पायरी ४ : पैसा, आणि मार्चअखेर

कॅनडाचंही आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यामुळे मार्चअखेरची घाई आपल्याला नवी नाही. अनुदान मंजूर व्हायला उशीर होतो, पैसे हिवाळ्यात येतात, आणि मार्चपूर्वी खर्च करायचे असतात. यातून दहा महिन्यांचा कोर्स चार महिन्यांत कोंबण्याचा मोह होतो. त्याऐवजी त्या वर्षी फक्त पायाभूत वर्ग आणि तयारी करा, मुख्य कोर्स पुढच्या वर्षाच्या पैशात घ्या.

पैशाचे झरे साधारण असे. केंद्र सरकारचा उच्चशिक्षण साहाय्य निधी, जो बँडकडे येतो आणि बँड आपल्या विद्यार्थ्यांना देतो. त्याच्या वाढीवर १९९६ पासून वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि ती वर्षानुवर्षं टिकली, त्यामुळे रांगेत थांबलेले विद्यार्थी साचत गेले. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या २०१५च्या ९४ आवाहनांतलं अकरावं आवाहन याच रांगेबद्दल आहे. दुसरा झरा, केंद्राचाच कौशल्य आणि रोजगार प्रशिक्षणाचा कार्यक्रम, जो २०१९ पासून सध्याच्या रूपात आहे आणि इंडिजिनस संस्थांमार्फत चालतो. तिसरा प्रांताचा. ब्रिटिश कोलंबियाने २००७ मध्ये निवडक ११ सरकारी संस्थांत 'अ‍ॅबोरिजिनल सर्व्हिस प्लॅन' सुरू केले. त्यांची अट अशी की, आराखडा समाजासोबत बसूनच करायचा. २०१२च्या प्रांतिक धोरणात समाजात जाऊन शिक्षण देण्यासाठी वेगळा भागीदारी निधीही आला. योजनांची नावं बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षीची नियमावली वाचा. याशिवाय काही गावांकडे खाण, वीज किंवा लाकूड कंपन्यांशी केलेल्या करारांतून स्वतःचा पैसा असतो. तो मागू नका, ते देऊ करतील तर घ्या.

खर्चाच्या अंदाजात प्रशिक्षकाचा पगार सगळेच धरतात. राहून जातात ते हे: प्रशिक्षकाचं गावात राहणं (हिवाळ्यात भाड्याची खोली मिळत नाही, याचा आधी तपास करा), रोजचं दुपारचं जेवण, पाळणाघर, पेट्रोल, स्टीलटोचे बूट आणि हेल्मेट, परीक्षेचं शुल्क, शिकवणीला मदतनीस, एल्डरचं मानधन, अचानक उद्भवलेल्या अडचणीसाठी थोडी रोख. जेवण आणि पाळणाघर कापून वाचवलेले पैसे गळतीच्या रूपाने दुप्पट जातात.

आणखी एक. कॉलेजचा हिशेब डोक्यावर चालतो: वीस विद्यार्थी असतील तर कोर्स परवडतो. तीनशे वस्तीच्या गावात वीस मिळत नाहीत. बारा-चौदांच्या गटावर, विद्यार्थी मोजून नव्हे तर संपूर्ण कोर्सची एक ठोक रक्कम ठरवून करार करा. म्हणजे दोन जण गळाले तरी वर्ग बंद पडत नाही.

पायरी ५ : वेळापत्रक गावाच्या पंचांगावर बेता

नास नदीत हिवाळा सरता सरता ऊलिकन नावाचे छोटे, तेलकट मासे येतात. लांबचा हिवाळा संपताना मिळणारं हे पहिलं ताजं अन्न, आणि त्यांचं तेल म्हणजे किनाऱ्यावरच्या जमातींचं जुनं धन. त्या आठवड्यांत वर्ग ठेवला तर बाकं रिकामी राहतील, आणि राहायलाच हवीत. उन्हाळ्यात सॅमन. तेव्हा अख्खं कुटुंब नदीवर असतं: पकडणं, चिरणं, धुरावणं, डबाबंद करणं. वर्षभराचं अन्न त्यात ठरतं. शरद ऋतूत हरणाची आणि मूसची शिकार. वेगवेगळ्या प्रदेशांत हे वेगळं, म्हणून दिनदर्शिका कॉलेजात आखू नका. बँड ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून, शिक्षण-समन्वयकेला आणि एखाद्या मासेमाराला सोबत घेऊन आखा. बहुतेक ठिकाणी सलग दहा महिन्यांऐवजी पाच-सहा आठवड्यांचे तुकडे आणि मध्ये मोकळे आठवडे, ही रचना टिकते.

शिवाय मयत. गावात माणूस गेला की सगळं थांबतं, काही दिवस, आणि ते कुणालाही विचारून थांबत नाही. पॉटलॅच (भेटवस्तू वाटण्याचा पारंपरिक सोहळा) किंवा मेजवानीचे समारंभही तसेच. या समारंभांवर १८८५ ते १९५१ कायद्याने बंदी होती, हे लक्षात ठेवलंत तर 'गैरहजर' असा शेरा मारताना हात थबकेल. वेळापत्रकात शेकडा दहा-पंधरा दिवस राखीव धरा. उरले तर उजळणीला वापरता येतील.

हवामानही आता विद्यार्थ्यासारखं वर्गात बसलेलं असतं. ३० जून २०२१ ला लिटन गाव वणव्यात जळालं. त्याच नोव्हेंबरात पुराने सगळं मेरिट शहर रिकामं करावं लागलं. उन्हाळ्यात धुराचे आठवडे येतात. म्हणून सुटलेला भाग कसा भरून काढणार, हे कोर्सच्या पहिल्या दिवशी लिहून द्या.

आणि रस्ता. पश्चिम कॅनडातली ग्रेहाउंडची बससेवा ऑक्टोबर २०१८ अखेर बंद झाली, तेव्हा ज्यांच्याकडे गाडी नाही अशा लोकांचं शहराशी नातंच तुटलं. उत्तर ब्रिटिश कोलंबियातून जाणाऱ्या महामार्ग १६ वर, जिथून अनेक इंडिजिनस मुली आणि स्त्रिया बेपत्ता झाल्या किंवा मारल्या गेल्या, तिथे "लिफ्ट घेऊन या" असं कुणी सहज म्हणू नये. शेजारच्या दोन गावांचा मिळून वर्ग असेल तर व्हॅन आणि चालक कोर्सच्या खर्चात धरा.

पायरी ६ : जागा आणि हत्यारं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. सिद्धान्ताचे वर्ग कम्युनिटी हॉलमध्ये भरतात, फक्त तिथे मयतानंतरचं जेवणही होतं आणि बिंगोही, म्हणून फळा-संगणक कुलपात ठेवायची जागा हवी. यंत्रांच्या व्यवसायांसाठी निकोला व्हॅली संस्थेने फिरते ट्रेलर काढले, म्हणजे चाकांवरची कार्यशाळाच गावात येऊन थांबते. ट्रेलर मागवण्याआधी वीजजोडणी पुरेशी आहे का, हिवाळ्यात तो उभा राहील अशी सपाट जागा आहे का, हे इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. इंटरनेटचा वेग वर्ग भरण्याच्या वेळेला, आणि पुन्हा सगळी मुलं शाळेतून घरी आल्यावर तपासा.

पायरी ७ : कोण शिकवणार

विषय येणारा माणूस मिळतो. गावात आठवडाभर राहील, दुपारी सगळ्यांसोबत जेवेल, आणि स्वतःची विद्वत्ता बाजूला ठेवून ऐकेल, असा मिळायला वेळ लागतो. मुलाखतीत समाजाचे प्रतिनिधी नेमके हेच बघतात, त्यांच्या निवडीवर विश्वास ठेवा. सोबत गावातला जाणकार सहशिक्षक म्हणून हवा, आणि त्याचं नाव पगारपत्रकावर हवं, 'पाहुणा' म्हणून नव्हे.

व्हर्ना कर्कनेस आणि रे बार्नहार्ट या शिक्षणतज्ज्ञांनी १९९१ मध्ये मूळ रहिवाशांच्या उच्चशिक्षणासाठी चार कसोट्या मांडल्या: आदर, जगण्याशी संबंध, देवाणघेवाण, जबाबदारी. दुसरी कसोटी वर्गात सोप्यात सोपी आणता येते. बालशिक्षणाच्या वर्गात पाळण्यातली गाणी त्या भाषेतली असू देत. सुतारकामात गणित शिकवायचं तर धुराघराचं छप्पर काढा. कार्यालयीन कामाच्या वर्गात नमुन्याचा अर्थसंकल्प बँडच्याच एखाद्या विभागाचा घ्या, त्यांच्या परवानगीने. तिसरी, देवाणघेवाणीची कसोटी मात्र कॉलेजांना जड जाते, कारण तिथे आपणही काही शिकायचं असतं आणि त्याला कुठल्याच अहवालात रकाना नसतो.

निवासी शाळेची सावली वर्गात असते. रांगेत मांडलेली बाकं, घंटा, मोठ्या आवाजातली हजेरी, चूक झाल्यावर सर्वांसमोर नाव घेणं, हे टाळा. खुर्च्या गोल मांडा. कुणी उठून बाहेर गेलं तर विचारपूस नंतर आणि एकट्यात.

आपल्या मराठी शिक्षकांसाठी एक बोलकी गोष्ट. तिथे ओळख करून देताना नाव आणि हुद्दा पुरत नाही. तुमचे आईवडील कुठले, गाव कुठलं, नदी कुठली, हे सांगावं लागतं. आपल्याला ते जमतं, "मूळ गाव कुठलं?" हा प्रश्न आपण रेल्वेतही विचारतो. फक्त आपल्याकडे त्या प्रश्नाच्या पोटात जातीचा शोध दडलेला असतो, तो तिथे नेऊ नका. आणि "आम्हीही इंग्रजांचे गुलाम होतो" ही सलगी पहिल्याच दिवशी दाखवू नका. स्वतंत्र देशाचे नागरिक म्हणून, त्यांच्याच भूमीवर परवाना घेऊन आपण आलो आहोत, हा फरक समोरच्याला दिसत असतो.

पायरी ८ : आलेले टिकले पाहिजेत

गट म्हणून प्रवेश, गट म्हणून प्रवास, ही पद्धत इथे उत्तम चालते. मावशी आणि भाची एकाच वर्गात असतात, एक थांबली तर दुसरी तिला घेऊन येते. कोर्सच्या पहिल्या दोन आठवड्यांत विषय कमी शिकवा आणि कागद पूर्ण करा: विद्यार्थी क्रमांक, जुन्या शाळेच्या गुणपत्रिका, बँक खातं, भत्त्याचे अर्ज. भत्ता पहिल्या महिन्यात आला नाही तर दुसऱ्या महिन्यात विद्यार्थी दिसत नाही.

गाडी चालवण्याचा परवाना हा विषय कुणाच्याच अभ्यासक्रमात नसतो, आणि बांधकामाच्या नोकरीत तो पहिल्यांदा विचारतात. ब्रिटिश कोलंबियात परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो आणि त्यात वर्षं जातात. दूरच्या गावात परीक्षा देण्यासाठीही लांब जावं लागतं. म्हणून शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा कोर्सच्या सुरुवातीलाच घडवून आणा.

प्रात्यक्षिकाची जागा आधी पक्की करा. वृद्धसेवेच्या विद्यार्थिनींना दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात तास भरावे लागतात, आणि सर्वांत जवळचा वृद्धाश्रम दीडशे किलोमीटरवर असू शकतो. तिथे राहण्याचा खर्च कोण करणार? घरी मुलं कोण बघणार? हा तपशील शेवटच्या महिन्यात उगवला की ऐन काठावर येऊन माणसं परततात. तिथे एकटी न पाठवता जोडीने पाठवा, आणि त्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांशी आधी बोला. इंडिजिनस रुग्णांना आणि कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल या प्रांतात गंभीर चौकशा झालेल्या आहेत.

महाराष्ट्रात कुणी हे वापरणार असेल तर

सरळ नक्कल होणार नाही. कॅनडातल्या बँडकडे शिक्षणाचा निधी स्वतःच्या खात्यात येतो, आपल्या ग्रामसभेकडे येत नाही. पण १९९६चा पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), २००६चा वनहक्क कायदा आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला मिळालेला सामूहिक वनहक्क, यांमुळे काही ग्रामसभांकडे बांबू-तेंदूचं उत्पन्न आहे, म्हणजे कोर्सची मागणी करण्याचा अधिकार आणि थोडी ताकदही आहे. वनव्यवस्थापन, हिशेब, मोजणी यांसाठी तिथे खरीखुरी कामं आहेत. २०११ मध्ये स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. तेव्हा पायरी १ आणि पायरी ३ इथेही जशाच्या तशा लागतात: ठराव ग्रामसभेचा, शिक्का विद्यापीठाचा. वेळापत्रकात ऊलिकनच्या जागी मोहफूल आणि तेंदूपान लिहा.

पायरी ९ : कोर्स संपल्यावर

पदवीदान गावातच करा. किनारी सॅलिश समाजांत सन्मान म्हणून अंगावर ब्लँकेट पांघरतात. कॉलेजचा झगा आणि टोपी त्याच्या जोडीला असू द्या, पण क्रम त्यांना ठरवू द्या. कॉलेजच्या प्रमुखांनी भाषण पाच मिनिटांत संपवावं.

मग अहवाल. अनुदान देणाऱ्यांना 'किती आले, किती उत्तीर्ण' एवढंच हवं असतं. कौन्सिलसमोर मात्र पूर्ण हिशेब मांडा: पैसे कुठे गेले, कोण मध्येच गेलं आणि का. ज्याला तिसऱ्या महिन्यातच बँडने कामावर घेतलं, तो सरकारी तक्त्यात 'गळती'त मोजला जातो, गावासाठी मात्र तेच यश असतं. हे दोन वेगळे तक्ते ठेवा आणि कुठला कुणासाठी आहे ते झाकू नका.

कोर्सनंतर सहा महिने कुणीतरी फोन उचलणारं हवं. नोंदवहीचा अर्ज अडकतो, मालक अप्रेंटिसचे तास नोंदवत नाही, पुढच्या कोर्सचा प्रवेश चुकतो. प्रशिक्षकाचा करार संपलेला असतो आणि कॉलेजच्या मुख्य नंबरवर कुणी ओळखत नाही. यासाठी महिन्याला दोन-तीन दिवसांचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा, शक्यतो गावातल्याच व्यक्तीला. विद्यार्थ्यांची अधिकृत गुणपत्रिका प्रत्येकी दोन प्रतींत छापून घ्या: एक त्यांच्या हातात, दुसरी त्यांच्या लेखी परवानगीने बँड ऑफिसच्या शिक्षण विभागात. कॉलेजची संगणकप्रणाली बदलते, विद्यार्थ्याचा पासवर्ड हरवतो, आणि पाच वर्षांनी कुणाला नर्सिंगला जायचं असतं तेव्हा शोधाशोध शिक्षण-समन्वयकेच्या टेबलापासूनच सुरू होते.